आठव्या लेसरचा तक्ता

काकांच्या डोक्यावर एक केस नव्हता आणि शर्टाच्या खिशात कायम दोन कंगवे असायचे. एक काळा, एक लाल. लाल कंगव्याचे दात काळ्यापेक्षा किंचित दाट. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्याशा युनिटमध्ये मी पहिल्या दिवशी गेले, तेव्हा आधी हे कंगवेच दिसले आणि वाटलं, बिचाऱ्यांची जुनी सवय सुटत नसेल. काका मूळचे मालवणकडचे, राहायला मुलुंडला, वयाने साठी ओलांडलेले. दरवर्षी मुदत वाढवून घेऊन कामावर यायचे. त्यांना सगळे काकाच म्हणायचे, आमचे मालकसुद्धा, आणि मालक स्वतः काही फार तरुण नव्हते.

आमच्याकडे लेसर यायचे. लेसर म्हटलं की लोकांना भिंतीवर नाचणारा लाल ठिपका आठवतो. आमचे लेसर नखाएवढे, डबीत बंद, आणि त्यांचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही. केसाएवढ्या काचेच्या तारेतून तो धावतो, आणि तुमचे फोन, तुमचे व्हिडिओ, तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं, सगळं त्याच्यावर बसून जातं. अशा एका तारेतून ऐंशीच्या आसपास वेगवेगळे रंग एकाच वेळी जातात आणि एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. दिसत नसले तरी त्यांना रंगच म्हणायचं, हे मी पहिल्याच दिवशी निमूटपणे मान्य केलं. पूर्वी एका लेसरला एकच रंग यायचा, म्हणजे ऐंशी रंगांसाठी ऐंशी जातींचे लेसर कपाटात भरून ठेवायला लागायचे. आमच्याकडे यायचे ते रंग बदलणारे, सांगाल त्या रंगावर जाणारे. वापरून वापरून त्यातले काही भरकटायचे. नेटवर्कवाले ते आमच्याकडे पाठवायचे आणि आम्ही त्यांना ताळ्यावर आणायचो.

रंग बदलतो कसा, हे मी काकांना पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्यांनी मला खिडकीशी नेलं, दोन्ही कंगवे एकमेकांवर ठेवले आणि उजेडाकडे धरले. दोन्हींच्या फटी जिथे नेमक्या समोरासमोर आल्या तिथेच उजेडाची पट्टी दिसत होती, बाकी अंधार. मग त्यांनी लाल कंगवा केसभर सरकवला आणि ती पट्टी एकदम बोटभर लांब जाऊन उभी राहिली. लेसरच्या आत असे दोन आरसे असतात, ते म्हणाले. दोघंही ठरावीक अंतरावरचे रंगच परत पाठवतात, पण दोघांची अंतरं थोडी वेगळी. ज्या रंगावर दोघांचं एकमत होतं तेवढाच बाहेर पडतो. एका आरशाचा करंट जरासा बदलला की एकमताची जागा दूर उडी मारते. मला इतकं स्वच्छ कळलं, की संध्याकाळी घाटकोपरला घरी येऊन मी आईलाही कंगवे घेऊन समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "काल सांगितलेलं विसर. कंगव्याचं खोटं आहे."

लेसर म्हणजे त्यांच्या सोसायटीची लिफ्ट आहे, असं आता ठरलं. तिच्या आतले आकडे पुसले गेले होते. ती मजल्याच्या पातळीला बरोबर थांबायची, इंचभरही वरखाली नाही, पण मजला कुठला ते कळायला मार्ग नाही. लेसरच्या आतही असाच एक तपासणीस बसवलेला असतो. प्रत्येक रंगाला नेमून दिलेली जागा म्हणजे एक खण; लेसर आपल्या खणाच्या मधोमध उभा आहे ना, एवढंच तो बघतो. खण स्वतःचा की शेजाऱ्याचा, हे त्याला समजत नाही. मी तेही लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी लिफ्ट बाद झाली आणि सोलकढी आली. ती जरा गरम झाली की फुटते, तसा लेसर जरा तापला की त्याचा रंग सरकतो, म्हणून तो एका तापमानावर धरून ठेवायचा, आणि खरं म्हणजे सगळी गोष्ट तापमानाचीच आहे, बाकी सगळं झूट. महिन्याभरात माझ्या वहीत लेसरची अकरा चित्रं झाली आणि अकराच्या अकरा आपसात भांडत होती. कामाला लागल्यावर हळूहळू लक्षात आलं की सगळीच खरी होती, फक्त प्रत्येकात एक कोपरा सुटलेला होता. पण तोवर मी रोज सकाळी आधी होते त्याहून जास्त गोंधळलेली असायचे.

त्यांची सगळ्यात छळणारी सवय म्हणजे त्यांचं गप्प होणं. रंग बदलायच्या आधी लेसरने आपला उजेड बंद करायचा, नव्या जागी जाऊन स्थिर व्हायचं आणि मगच उघडायचा. तसं नाही केलं तर जाताजाता तो मधल्या सगळ्यांच्या वाटेत घुसतो. हा नियम काकांनी बोलण्यालाही लावला होता. विषय बदलायचा असला की ते आधी पूर्ण गप्प व्हायचे, समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघत, कधी पंधरा सेकंद, कधी मिनिटभर. मग नवा विषय काढायचे. फोनवर लोक हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचे. एकदा मालकांची बायको सहज आली होती, तिने यांना झटका आला समजून तोंडावर पाणी मारलं. काकांनी चेहरा पुसला आणि तिच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली.

माझी पंचाईत अशी, की ते माझ्यावर रागावलेत की विषय बदलतायत हे मला कधी कळायचं नाही. एकदा मी तसं सरळ विचारलं. ते अर्धा मिनिट माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, तुम्ही रत्नागिरीकडचे लोक बांगड्याच्या आमटीत तिरफळं घालता की नाही. मी तो नाद सोडून दिला.

चष्मा ते तारेची टोकं पुसतात तसा पुसायचे, एका दिशेने, एकदाच, आणि तो कापडाचा तुकडा फेकून द्यायचे. परत त्याच तुकड्याने पुसणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. पण या सगळ्या वेडांच्या वर एक नियम होता, आणि त्यात चेष्टा नव्हती. एकाने हातात घेतलेला लेसर दुसऱ्याने पुरा करायचा नाही.

त्याचं कारण तक्ता. अमुक चॅनल, म्हणजे अमुक रंग, हवा असेल तर पुढच्या आरशाला इतका करंट, मागच्याला इतका, मधल्या भागाला इतका, असे आकडे प्रत्येक चॅनलसाठी काढायचे आणि त्यांचा तक्ता त्या लेसरच्या पोटात भरायचा. हा तक्ता दोन लेसरचा कधी सारखा येत नाही. एकाच दिवशी, एकाच कारखान्यात झालेले असले तरी नाही. एका पंगतीला बसले म्हणून सगळ्यांना सारखंच तिखट चालतं काय, असं काका म्हणायचे. आकडे काढताना लेसर कुठे अडखळतो, कुठे अचानक पुढच्या रंगावर उडी मारतो, हे ज्याने काढले त्याच्या हाताला ठाऊक असतं. म्हणून अर्धा झालेला लेसर तसाच ठेवून माणूस जेवायला गेला, तर बाकीच्यांनी त्या टेबलाकडे बघायचंही नाही.

काका आज त्या टेबलावर नाहीत ते माझ्यामुळे. मी हा नियम मोडला.

बारा लेसर आले होते, एकाच खोक्यातले, ओळीने नंबर असलेले. सहा मी घेतले, सहा काकांनी. गिऱ्हाइकाचा माणूस दुपारी तीनला न्यायला येणार होता. त्याच दिवशी काकांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागलं. त्यांच्या सहापैकी पाच पुरे झाले होते, फक्त आठवा लेसर टेबलावर अर्धा राहिला होता. तीन वाजता तो माणूस आला, खुर्ची ओढून बसला आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायला लागला. काकांचा फोन लागत नव्हता. मी आठवा उचलला. काकांनीच सकाळी पुरा केलेल्या सातव्याचा तक्ता त्यात भरला आणि गिऱ्हाइकाला हव्या त्या चॅनलवर लावून बघितला. नेमका जागेवर आला. तेवढा एकच चॅनल मी तपासला आणि लेसर खोक्यात घातला.

काका परतले तेव्हा खोकं बंद झालेलं होतं. खोक्यात गेलेला आठवा आपणच निघायच्या घाईत पुरा केला असणार, हे त्यांनी धरूनच चालायचं, कारण दुसऱ्या कुणी हात लावायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी आठव्याच्या कागदावर सही केली. मी सांगणार होते. पण बँकेतल्या यंत्राने त्यांचा अंगठा ओळखला नव्हता आणि तिथल्या बाईंना आपण जिवंत आहोत हे कसं पटवून द्यावं लागलं, ही गोष्ट ते रंगून सांगत होते. आम्ही सगळे हसत होतो, मीही हसत होते, आणि सांगायचं राहून गेलं.

काही आठवड्यांनी गिऱ्हाइकाने त्या लेसरला दुसऱ्या चॅनलवर जायला सांगितलं. तो गेला तो शेजाऱ्याच्या चॅनलवर. खणाच्या अगदी मधोमध उभा होता, त्यामुळे आतल्या तपासणीसाला सगळं आलबेल दिसलं. त्या चॅनलवर आधीपासून दुसऱ्या कुणाची तरी वाहतूक चालू होती, ती बराच वेळ बंद पडली. लेसर आमच्याकडे परत आला. काकांनी त्याच्या पोटातला तक्ता काढून सातव्याच्या शेजारी ठेवला. आकड्याला आकडा जुळत होता.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणी केलं. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, कायम व्हायला दोन महिने राहिले होते. काका माझ्याकडे बघत होते. अर्धा मिनिट, कदाचित जास्तच. मग त्यांनी मान मालकांकडे वळवली आणि म्हणाले, "आठवा माझा होता. माझ्याच हातून झालं."

पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. यंदा मुदत वाढवत नाही, असं त्यांनी फोनवर कळवलं. त्यांच्या तक्त्यांच्या वह्या त्यांनी माझ्यासाठी ठेवल्या होत्या.

दोन वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत होते. आईला, मैत्रिणींना, नव्याने कामाला लागलेल्यांना. काकांनी माझ्याकडे बघितलं, सगळं ओळखलं आणि काही न बोलता माझी नोकरी वाचवली. सांगताना दर वेळी माझे डोळे भरून यायचे. आई म्हणायची, अगं मग एकदा जाऊन पाया तरी पडून ये. मी म्हणायचे जाईन. त्यांनी न बोलता दिलेलं आपण बोलून का मोडायचं, असं मी स्वतःला पटवलं होतं. ते फार सोयीचं होतं, हे आज कळतं.

यंदा आमच्याकडे एका जुन्या जातीचे लेसर आले. त्यांना कसं हाताळायचं ते काकांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आठवड्यातून दोन दिवस याल का, असं त्यांना विचारायला मालकांनी मलाच पाठवलं. एका रविवारी सकाळी मी बसने मुलुंडला गेले.

दार काकूंनी उघडलं. मी त्यांना आधी एकदाच भेटले होते, तरी त्यांनी नावाने हाक मारून आत घेतलं. काका खिडकीशी बसले होते, बरेच वाळलेले. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर गॅसच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. तारखा, वेळा, आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरच्या दोन खुणा. एक यांची, एक माझी, काकू म्हणाल्या. गॅस बंद केला की दोघांनी बघायचं, असा त्यांचा हट्ट आहे. घराच्या किल्ल्या त्यांनी माझ्या हवाली केल्यात. सोसायटीचा पंप बिघडला की आधी हेच धावायचे, आता हातात स्क्रूड्रायव्हरही घेत नाहीत. रस्ता एकट्याने ओलांडत नाहीत. काकू हे सगळं हळू आवाजात सांगत होत्या, आणि मला त्याचा अर्थ लागत नव्हता. काकांना काहीतरी झालंय आणि ऑफिसात कुणी सांगितलं कसं नाही, एवढंच डोक्यात येत होतं.

बाहेर येऊन मी मालकांचा निरोप सांगितला. काका नको म्हणाले. आता माझ्या डोक्याचा भरवसा नाही, म्हणाले. काकू मागून म्हणाल्या की डॉक्टर तर काहीच नाही म्हणतात. मुलुंडचे दोघं म्हणाले, मग अंधेरीचे मोठे म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे.

"डॉक्टरला काय माहीत," काका म्हणाले. "मी आठव्याला सातव्याचा तक्ता लावला. आणि तो लावलेला मला आठवत नाही. आठव्याचे निम्मे आकडे मी काढले होते ते आठवतं, वहीत आहेत ते. मग ते टाकून मी सातव्याचे का भरले? ज्या माणसाला हे आठवत नाही, त्याने गॅस बंद केलाय असं म्हटलं तर तू विश्वास ठेवशील?"

मला आधी वाटलं, माझी परीक्षा घेतायत. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते खरंच मला विचारत होते.

त्या दिवशी मालकांसमोर ते माझ्याकडे बघत नव्हतेच. त्या अर्ध्या मिनिटात ते स्वतःच्या डोक्यात ती दुपार शोधत होते, आणि ती त्यांना सापडली नव्हती. त्यांना काहीच माहीत नव्हतं. दोन वर्षं मी ज्या मोठेपणाचे गोडवे गात होते तो घडलाच नव्हता. त्याच दोन वर्षांत हा माणूस या खुर्चीत बसून आपलं डोकं गेलं म्हणून घाबरत होता. मला स्वतःची शिसारी आली. तरीही, खोटं कशाला सांगू, गप्प बसून निघून जावं हेसुद्धा क्षणभर मनात आलंच.

"काका," मी म्हणाले, "आठवा मी पुरा केला. तुम्ही बँकेत होतात तेव्हा. सातव्याचा तक्ता मी भरला."

ते गप्प झाले. ते रागावलेत का, ऐकलं तरी का, मला काहीच कळेना. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा पीपी आवाज येत होता. तो थांबला तरी काका गप्पच होते.

मग ते म्हणाले, "माझ्या टेबलावरचा?"

मी हो म्हटलं.

"किती चॅनल तपासलेस?"

"एक."

त्यांनी डोळे मिटले. मग मान न वळवताच हाक मारली, "गो, हय ये." काकू हात पुसत आल्या. काका मला म्हणाले, तिला सांग, आता मला सांगितलंस तसंच सांग. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बँक, तीन वाजता आलेला माणूस, सातव्याचा तक्ता. मध्ये एकदा माझा आवाज गेला, तर काका म्हणाले, पुढे सांग. काकूंना लेसरमधलं काही कळत नसावं, पण माझं संपेपर्यंत त्या कोचाच्या काठावर बसल्या होत्या.

"माझा चुकलेला नाय," काका त्यांना म्हणाले. "आयकलंस?"

काकूंनी ऐकलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. "मग तेव्हा का नाही बोललीस गं?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. मी म्हणाले, नोकरी कच्ची होती. त्यांनी मान हलवली. ती समजल्याची होती की कसली, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काका उठले, टेबलाच्या खणातून एक कोरा कागद आणि पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. लिहून दे, म्हणाले. मी लिहिलं. लेसरचा नंबर, कुठला तक्ता भरायला हवा होता, कुठला भरला, कुणी भरला. खाली सही केली, तारीख घातली. काकांनी कागद उजेडाकडे धरून वाचला, मग माझ्या हातातून पेन घेतलं.

"इथे सहा आहे," ते म्हणाले. "तू नऊ लिहिलंस."

लेसरचा नंबर अकरा आकड्यांचा होता. मी फोनमधले जुने फोटो काढून आठव्याच्या कागदाचा फोटो शोधला. सहाच होता. काकांनी माझा नऊ एका रेघेने खोडला, वर सहा लिहिला आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला. खाडाखोडीजवळ पुन्हा सही करायला सांगितली. मी केली.

मग त्यांनी कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि काकूंच्या हातात दिली. डॉक्टरांच्या फाइलीत लाव, म्हणाले, सगळ्यात वर. काकू आत गेल्या. मला वाटलं होतं, दोन-चार कागद असतील. ती फाइल त्यांना दोन्ही हातांनी उचलून आणावी लागली.